नरसिंहाला बसवलेल्या काचा

"...पण डोळे असताना आंधळ्यासारखं नाचायचं कशाला, बाबा?"

लखमाबाबा गावाचे मुखवटे घडवायचे. ते परातीत कागदाचा लगदा मळत होते.

काशिराम वांगड त्यांच्यासमोर ओट्यावर बसला होता. बसला होता म्हणजे घडीघडी उठत होता. उठताना नरसिंहाचा मुखवटा काखेत धरायचा, बसताना पुन्हा मांडीवर घ्यायचा.

बोहाडा तीन दिवसांवर आला होता. त्या उत्सवात गावातलं एकेक घराणं एकेका देवाचं नाहीतर राक्षसाचं सोंग घेतं आणि मुखवटा चढवून संबळाच्या तालावर नाचतं. नरसिंह वांगडांच्या घरचा. काशिरामच्या वडिलांनी तो सव्वीस वर्षं नाचवला. ते गेल्यावर, मागच्या चैत्रात, काशिराम पहिल्यांदा रिंगणात उतरला आणि सगळ्या गावासमोर तोंडावर पडला. मुखवट्याचा जबडा फुटला.

यंदा पडला तर सोंग चुलत्याच्या घरी जाईल, असं पंचांनी सांगून टाकलं होतं. शिवाय लखमाबाबांनी पाहून मान हलवल्याशिवाय कुठलाच मुखवटा रिंगणात येत नसे. काशिराम त्यांच्याच हाताखाली सहा वर्षं शिकला होता. हा मुखवटा मात्र त्यानं घरी, एकट्यानं, कुणाला न दाखवता केला होता.

"बघा तरी, बाबा."

बाबांनी हात पुसले. मुखवटा उलटा करून आत पाहिलं. आत मोटारसायकलचं जुनं हेल्मेट होतं.

"त्याच्यावरच लगदा चढवलाय," काशिराम भराभर सांगू लागला. "डोक्यावर गच्च बसतं, तसूभर हलत नाही. डोळ्यांना गॉगलच्या काचा. आतून बसवल्यात, म्हणजे बाहेरून कड दिसत नाही. पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या. श्वासानं धुरकटत होत्या, तर आतून साबण घासला. दोन काचा फुटल्या. बारा दिवस लागले."

"हं."

"बाहेरून माझे डोळे कुणाला दिसत नाहीत. मला मात्र सगळं दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

"घाल. विहिरीपर्यंत जाऊन ये."

काशिरामनं मुखवटा चढवला आणि निघाला.

वाटेत दगड होता, त्यानं तो टाळला. शेळीचं दावं आडवं पडलं होतं, ते ओलांडलं. शेजारच्या अंगणात ठकीकाकी मोहाची फुलं वाळत घालत होत्या. एका फुलावरही त्याचा पाय पडला नाही. विहिरीला वळसा घालून तो तसाच ताठ परत आला.

ठकीकाकी खो खो हसत होत्या.

"काय रे काश्या, सासरवाडीला निघालास काय?"

काशिराम थांबला. मुखवट्याच्या आतून म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं मी आहे ते?"

"मान बघ ना तुझी! इकडे कोण बघतोय, तिकडे कोण बघतोय... कोंबडीसारखी. लग्नातही असाच बसला होतास. नवरी सोडून सगळा मांडव बघून झाला तुझा!"

काशिरामनं मुखवटा काढला. कपाळावरून घाम वाहत होता.

"काकींना चेष्टा सुचते," तो ओट्यावर चढत म्हणाला. "पण मी कुठे अडखळलो का? सांगा ना, बाबा. अडखळलो?"

"नाही."

"मग?"

बाबांनी लगद्याचा गोळा उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला.

"गेल्या वर्षी दगड लागला होता?"

"...नाही."

"कुणाचा पाय आडवा आला?"

"नाही."

"रिंगण ओलं होतं?"

"नव्हतं, बाबा."

ठकीकाकींचं सूप तेवढं वाजत होतं.

"उजव्या अंगाला चुलत्याची माणसं बसली होती," काशिराम हळू आवाजात म्हणाला. "ती हसल्यासारखं वाटलं. म्हणून..."

"म्हणून?"

"मुखवटा जरा वर केला. बघायला."

"हसत होती?"

"कळलंच नाही. तेवढ्यात पडलो."

तो पुन्हा उठला. "म्हणून तर काचा बसवल्या! आता वर करायचीच गरज नाही. कोण हसतंय, कोण काय बोलतंय, नाचता नाचता सगळं दिसेल."

बाबांनी मागे वळून भिंतीवरचा जुना मुखवटा काढला. तोच, फुटक्या जबड्याचा. तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि दोन डोळ्यांच्या मध्ये बोटं लावून मोजली.

"आठ."

मग काशिरामच्या मुखवट्यावर मोजली.

"चार."

"असणारच, बाबा. माझे डोळे तेवढ्याच अंतरावर आहेत. आठ बोटांवर काचा लावल्या तर मला दिसणार कसं?"

"म्हणून नरसिंहाचे जवळ आणलेस."

काशिराम मुखवट्यासमोरून उठला. बारा दिवसांत त्यानं मुखवटा आतून शंभर वेळा पाहिला होता. समोर ठेवून, चार पावलं मागे सरून, असा तो आत्ता पहिल्यांदाच पाहत होता. आयाळ झकास होती. सुळे झकास होते. आणि त्या आयाळीतून, नाकाशी डोळे गोळा करून, कुणीतरी काळजीत पडलेला माणूस बघत होता.

बाबांनी कोयती पुढे सरकवली.

"बारा दिवस लागले, बाबा."

"सांगितलंस."

"तीन दिवस राहिलेत. वाळणार नाही."

"चैत्र आहे. वाळेल."

काशिरामनं कोयती घेतली. ठेवली. अंगणात एक फेरी मारून आला. परत घेतली. पहिली काच काढायला त्याला वेळ लागला. दुसरी सरळ निघाली. बाबांनी परातीतला लगदा दिला, त्यानं दोन्ही भोकं बुजवली. मग जुन्या मुखवट्यावरून आठ बोटांचं माप घेऊन नव्या जागा कोरल्या. पार कानशिलांजवळ. तिथे लगद्याखाली हेल्मेटचं कवच होतं.

काम झालं तोवर उन्हं ओट्यावरून खाली उतरली होती. काशिराम काचा हातात घेऊन थांबला.

"या बसवू?"

"बसव."

त्यानं बसवल्या. बाबा उठले, चार पावलं मागे गेले, पाहून आले. मान हलवली.

"रिंगणात येईल."

काशिरामनं श्वास सोडला. पण लगेच मुखवटा उचलून, ओला लगदा सांभाळत, डोक्यावर अलगद धरला. पुढे काळोख होता. जबड्याच्या फटीतून खाली हातभर जमीन दिसत होती.

"फक्त माझे पाय दिसतात, बाबा."

"नाचतोस कशानं?"

"आणि माणसं? ती कुठे बसलीत, काय करताहेत..."

बाबा परातीशी जाऊन बसले. उरलेला लगदा पुन्हा मळू लागले.

काशिरामनं मुखवटा उतरवला आणि समोर ठेवला. उतरतं ऊन दोन्ही काचांत पेटलं होतं. अंगणात ठकीकाकींनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि त्या पुन्हा काही हसल्या नाहीत.

"बाबा... तिथून मला तर काहीच दिसणार नाही."

"नाही."

"मग या काचांतून बघणार कोण?"

"ज्याचे डोळे आहेत, तो."