पाट्यावरची चटणी

"मग खोटं बोललं कोण, बाबा? मीटर, की माणसं?"

मुकुल देवस्थळी अजून उभाच होता. बाबांनी बस म्हटलेलं त्याने ऐकलंच नव्हतं.

निजानंदबाबा खाटेवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. टेकडीवरचा मठ, त्यात पौषातली सकाळ. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काल हसं झालं माझं," मुकुल म्हणाला.

हसं झालं होतं हे खरंच. मुकुल पुण्याहून आलेला, विजेच्या कामात हुशार गडी. मठ, शाळा, वसतिगृह, गोशाळा, सगळं आवार घरच्या विजेवर चालवून दाखवीन, असा त्याने विडा उचलला होता. त्यापायी चांगली नोकरी सोडली. गेल्या थंडीत आठवडाभर एनर्जी ऑडिट केलं, म्हणजे खोलीखोलीत जाऊन कुठे किती वीज लागते ते मोजलं. त्या मापाने छपरांवर सौर पॅनल चढवले, बॅटऱ्या आणल्या. आणि काल संध्याकाळी, विश्वस्त पहिल्या रांगेत बसलेले असताना, बाहेरून येणारी वीज त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. टाळ्याही झाल्या.

आरती अर्ध्यावर आली आणि सगळं आवार काळोखात गेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बाहेरची लाइन पुन्हा जोडली तेव्हा कुठे पानं वाढता आली.

"आज दुपारी बैठक आहे," मुकुल म्हणाला. "कारण सांगता आलं नाही, तर प्रकल्प गुंडाळायचा म्हणतात. माझं सगळं पाण्यात जाईल, बाबा."

"तुला काय वाटतं कारण?"

"चोरी! वसतिगृहातल्या पोरांकडे पाणी तापवायचे रॉड आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा. आत्ता खोल्या झडतो, ट्रंका उघडतो. ज्याच्याकडे सापडेल त्याला घरी पाठवा. दोघंतिघं गेले की बाकीचे सुतासारखे सरळ येतील."

बाबांचा तेलाचा हात थांबला.

"घरी?"

"घरी."

"इथून घरी गेलेलं पोर परत शाळेत येत नाही, मुकुल."

"मग मी जाऊ का परत?"

बाबांनी हाताला उरलेलं तेल पिंढरीला पुसलं.

बाहेर गोठ्यात कुणीतरी बादली आपटली.

"मोजायच्या आदल्या दिवशी तू प्रार्थनेनंतर बोलला होतास," बाबा म्हणाले.

"हो."

"काय बोललास?"

"उद्यापासून तपासणी आहे म्हणालो. विजेची उधळपट्टी करणाऱ्याची गय होणार नाही."

"खणखणीत बोललास. मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं."

मुकुल जरा सुखावला. बिचारा!

"मोजताना रॉड दिसले?"

"एकही नाही. म्हणून तर म्हणतो, नंतर आणलेत चोरून."

"बरं. एक सांग. त्या आठवड्यात जेवण कसं होतं?"

"जेवणाचं काय मध्येच, बाबा?"

"चटणी कशी होती?"

मुकुलला वाटलं, म्हातारा भरकटला. पण गुरूने विचारलंय म्हटल्यावर उत्तर देणं भाग होतं.

"शेंगदाण्याची होती. चांगली होती. खरं सांगायचं तर फारच चांगली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन यमुताईंना मुद्दाम सांगून आलो."

"आणि आता?"

"आता असते आपली. पिठासारखी."

"का बरं?"

"आता मिक्सरवर करतात, म्हणून..."

मुकुल मध्येच थांबला.

त्याला ते स्वयंपाकघर आठवलं. पाट्यावर वरवंटा रगडणाऱ्या यमुताई, कपाळावरचा घाम, आणि ओट्याच्या कोपऱ्यात फडकं टाकून झाकलेलं काहीतरी. तेव्हा तो मनात म्हणाला होता, किती साधी माणसं ही! वर दोनदा चटणी मागून घेतली होती.

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे शाळेच्या भिंतींना चुना लागतो, फळा काळाभोर होतो, पोरांची नखं कापली जातात. साहेबाची जीप वळली की सगळं पुन्हा जिथल्या तिथे. मुकुलही असल्याच शाळेत शिकला होता. तपासणीच्या दिवशी त्याचीही नखं कापलेली असायची.

"म्हणजे त्या आठवड्यात सगळ्यांनीच लपवलं... आणि माझं माप कमी भरलं."

बाबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"पण यमुताईसुद्धा? एवढ्या देवभोळ्या बाई?"

बाबा हळूच वाकले. खाटेखाली हात घालून त्यांनी लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं ओढलं. मठात पोथ्या असल्याच फडक्यात बांधतात, म्हणून मुकुलने हात जोडले.

बाबांनी गाठ सोडली. आत विजेची शेगडी होती.

"बाबा... तुम्ही?"

"गुडघे रे. पहाटे उठवत नाही."

"मी आलो होतो की या खोलीत मोजायला! तुम्ही म्हणालात, एक दिवा आहे, बाकी काही नाही."

"म्हणालो."

"का पण?"

"भ्यालो."

मुकुल मटकन खाली बसला. आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि मग मात्र त्याची मान वर होईना. ज्यांच्या पायाशी बसायला तो नोकरी सोडून आला होता, तेच त्याला घाबरून थंडीत कुडकुडत बसले होते. आठवडाभर.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

बाबा शेगडीची गुंडाळलेली वायर सोडवत राहिले.

"पण दुपारी विश्वस्तांना सांगू काय, बाबा? पुढं करू काय?"

बाबांनी भिंतीत प्लग खोचला आणि बटण दाबलं. शेगडीची तार हळूहळू लाल झाली. त्यांनी दोन्ही गुडघे पुढे केले आणि "हुश्श" करून डोळे मिटले.

मुकुलचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू दे चालू," डोळे न उघडताच बाबा म्हणाले. "आधी मोज."