गोमाक्काची बाजू

फार फार वर्षांमागं डोंगरातल्या धावलखोऱ्यात गोमाक्का नावाची बाई होती. तिच्याकडे औषध नव्हतं, मंत्र नव्हता. अंगावरून वारं जाऊन माणूस खाटेला खिळला आणि वैद्यानं हात टेकले, की घरचे तिला बोलवायचे. ती कूस बदलायची, पाठीला तेल लावायची, ओल्या फडक्यानं ओठ भिजवायची. तिचा हात लागला की कण्हणं थांबायचं आणि वेशीवरची कुत्रीसुद्धा गप्प व्हायची, असं म्हणतात.

एकदा मानाजीच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग पार लुळं पडलं, घास गिळेना. त्याची बायको ठकू मुळातच मत्सरी. कुणा बाईनं मानाजीला वाट विचारली तरी हिच्या कपाळाला आठी. नवऱ्याच्या डावीकडे बायकोची जागा, म्हणून ती दिवसभर त्याच्या डाव्या हाताशी बसे. गोमाक्का उजवीकडे बसे. मानाजी सारखा गोमाक्काकडेच बघे, ठकूकडे मान काही वळेना.

ठकू जळू लागली. तिच्या जळफळाटानं चुलीवरचं दूध विस्तवाशिवाय उतू जायचं, असं म्हणतात. एके सकाळी तिनं गोमाक्काला सुनावलंच, "जन्मभर राबले मी, आन् जाताना ह्याचे डोळे तुझ्यावर? काय करणी केलीस गं?"

"करणी कसली, बाई? डावीकडचं त्याला काई उमगतच न्हाई आता. तुला त्याचं तोंड बघवत न्हाई म्हणून तिकडं बसतीस, असं वाटलं मला. माझ्या जागी ये."

"बायकोची जागा डावीकडं असती."

"लग्नात असती. ऊठ आता. मी पाण्याला जाते."

ठकू उजवीकडे येऊन बसली. मानाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग वाकड्या ओठांतून म्हणाला, "कुठं हुतीस इतके दिस?"

ठकूला हुंदका आवरेना. त्याच दिवशी तिन्हीसांजेला, तिच्याकडे बघत, मानाजी गेला.

मानाजीनं सकाळी तसं विचारलं, तेव्हा पाणी घेऊन परतलेली गोमाक्का दारातच थबकली होती. ती बालविधवा. तिच्याकडे असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. तिला ठकूचा इतका हेवा वाटला, की डोक्यावरच्या घागरीतलं पाणी कढत झालं, असं म्हणतात.

आजही धावलखोऱ्यात असं आजारपण आलं की आजाऱ्याच्या शाबूत अंगाकडची खाटेची बाजू मोकळी ठेवतात. तिला गोमाक्काची बाजू म्हणतात. घरच्या बाईला हाताला धरून तिथं बसवतात आणि बाकीच्या सगळ्या पाण्याला जातात. घरात हंडे भरलेले असले, तरीही.