तुऱ्याच्या क्रौंचाचा डोळा

फार पूर्वी शूर्पारक बंदरात महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील चित्रकारांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव उपल. पाखरे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या कुळाची एक जुनी रीत होती. आधी पिसे, मग पाय, मग चोच आणि डोळा सर्वांत शेवटी. तोही असातसा नाही. ज्याचा डोळा काढायचा, त्याने आधी चित्रकाराकडे पाहिलेले असले पाहिजे. मेलेल्या पाखराचा किंवा मनाने रचलेला डोळा उपलच्या आजोबांनी काढला नव्हता, वडिलांनी काढला नव्हता आणि त्यानेही कधी काढला नव्हता.

एकदा समुद्रापलीकडून आलेल्या एका व्यापाऱ्याने राजाला तिकडच्या एका क्रौंचाचा सोनेरी पिसांचा तुरा भेट दिला. राजा तो हातात घेऊन दिवसभर बसला. हा ज्याच्या डोक्यावर होता ते पाखरू कसे असेल, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. राजांचे असेच असते. त्यांना चैन पडेनासे झाले की दुसऱ्याला गाव सोडावे लागते. त्याने उपलला बोलावून सांगितले, "त्या देशात जा. तिथली पाखरे जिवंत पाहून पटांवर उतरवून आण. बाकीची जमतील तेवढी आण, पण हा तुऱ्याचा क्रौंच पुरा केल्याशिवाय माझ्या बंदरात पाऊल ठेवू नकोस."

उपलच्या बायकोला, कनकाला, तेव्हा सातवा महिना होता. निरोप देताना ती एवढेच म्हणाली, "वारा फिरला की या." त्या समुद्रात गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालतात. थंडीतला वारा तिकडे नेतो, पावसाळा सरतानाचा वारा इकडे आणतो. तेवढे गलबत चुकले, की पुन्हा वर्षभर वाट पाहायची.

त्या देशात किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर एक अफाट तळे होते. उपलने त्याच्या काठी गवताचा आडोसा बांधला आणि तो त्यात बसू लागला. गुलाबी पायांचे थवे आले, शहामृग आले, माशांवर झेप घेणारे गरुड आले. तो हलत नसे, खोकला आला तर उपरणे तोंडात धरी. पाखरांना हळूहळू त्याची सवय झाली. एकेक जण मान वाकडी करून त्याच्याकडे बघे आणि एकेक डोळा पटावर उघडे.

दिवस असे जात, पण संध्याकाळ जात नसे. बोलायला माणूस नव्हते. एक म्हातारा गुराखी दिवसाआड दुधाने भरलेला भोपळा आणून ठेवी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हसून झाले की ते गप्प बसत आणि मग म्हातारा आपल्या गुरांमागे निघून जाई. घरी मुलगा झाला की मुलगी, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत की नाहीत, हेही उपलला ठाऊक नव्हते. कधी कधी तो कनकाचे नाव मोठ्याने घेई, आपला आवाज अजून शाबूत आहे ना, एवढे पाहायला. तो फार एकटा होता.

तुऱ्याचा क्रौंच त्याला सर्वांत शेवटी सापडला. गुराख्यानेच हाताला धरून दाखवला. लव्हाळ्यात घरटे होते आणि त्यावर मादी अंडी उबवीत बसली होती. नर दिवसभर लांब चरायला जाई आणि अंधार पडताना परते; त्या वेळी डोळ्याचा रंग कळत नसे. उपलने घरट्यामागे आडोसा केला, कारण पुढे खोल पाणी होते आणि त्यात सुसरी होत्या. काही दिवसांत राखाडी पाठ झाली, पांढरे पंख झाले, तुऱ्याची एकेक काडी झाली. पण मादी पाण्याकडे तोंड करून बसे, कारण सुसरीचे भय तिकडूनच होते. उपल डोळ्यांत तेल घालून बसला, तरी ती काही मागे वळेना.

वारा फिरला. गलबताचा तांडेल भद्रिक स्वतः त्याला न्यायला आला.

"किती राहिलंय?" त्याने कुजबुजत विचारले.

"एक डोळा."

"मग काढ की लेका! परवाच्या भरतीला शीड उभारायचंय. दुपारच्या आत इथून पाय उचलायला हवा."

"ती बघत नाही माझ्याकडे."

भद्रिकने गवतातून डोकावून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरे, एक टाळी वाजव. दचकेल, वळून बघेल, उडून जाईल. तुझं काम झालं."

उपलने वर बोट दाखवले. आभाळात दोन घारी गिरक्या घेत होत्या. "ती उठली, तर अंडी राहतील का?"

"पुढच्या वर्षी परत घालेल. तुझं पोर तिकडे जन्मून रांगायला लागलं असेल!"

भद्रिक दुष्ट नव्हता. तो म्हणत होता ते खरेच होते. उपलचे हात आपोआप वर आले. एक टाळी, आणि घराचे दार दिसणार होते. हातातोंडाशी आलेला घास होता. तेवढ्यात मादीने चोच पोटाखाली घालून अंडी हलक्या हाताने फिरवावीत तशी फिरवली आणि पुन्हा अंग पसरून ती त्यांच्यावर बसली. तिच्या मागे दोन माणसे आहेत, याची तिला कल्पनाही नव्हती. उपलने हात खाली घेतले.

"तू जा," तो म्हणाला. "कनकाला सांग, अंडी फुटली की येतो."

"हे सांगू? केरसुणीनं मारेल ती मला!" भद्रिक चिडून म्हणाला. पण निघताना त्याने आपली घोंगडी तिथेच ठेवली.

गलबत गेले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. अवघे तीन दिवस! चौथ्या दिवशी मादी दोन ओल्या, पिवळसर पिल्लांना घेऊन उठली आणि आडोशाच्या अगदी जवळून चालत गेली. जाता जाता ती थांबली. तिने उपलकडे पाहिले. डोळा फिकट, राखाडी होता आणि त्यात भीती नव्हती. उपलने तो पटावर काढला आणि कुंचला धुऊन ठेवला.

काम संपले आणि खरा एकटेपणा सुरू झाला. वर्षभर करायला काही नव्हते. ताप आला तेव्हा तो भद्रिकच्या घोंगडीत कुडकुडत पडे आणि म्हातारा गुराखी मुकाट्याने उशाशी बसे. आपण चुकलो का, असे उपल स्वतःला पुष्कळदा विचारी. त्याला रडूही येई. पण क्रौंचाची पिल्ले गवतातून पळताना दिसली, की तो प्रश्न थोडा वेळ थांबे.

पुढच्या वाऱ्याला भद्रिकने त्याला घरी आणले. राजाने पट पाहिला. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "ही माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिचं काही वाईट करणारच नाही." आणि त्याने तो जुना तुरा दरबारातून काढून ठेवायला सांगितला.

उपल धावतच घरी गेला. अंगणात दीड वर्षाचे मूल खेळत होते. हा हाडकुळा, दाढीवाला माणूस पाहताच ते वळले आणि आईच्या लुगड्यात तोंड खुपसून उभे राहिले. उपलला फक्त एक पाठ दिसत होती.

कनकाचे डोळे भरून आले. रागही होता, आनंदही होता. "टाळी वाजवा ना," ती म्हणाली. "टाळी ऐकली की लगेच वळून बघतो तो."

उपलचे हात वर आले. मग ते खाली गेले. तो अंगणात एका कडेला मांडी घालून बसला आणि हललाही नाही. पहिल्या दिवशी मुलाने पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ते लुगड्याआडून डोकावले. कनका म्हणाली, "बाई गं, किती धीर हा!" पण तीही त्याच्याशेजारी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मूल आपणहून चालत आले, समोर उभे राहिले, आणि त्याने बापाकडे सरळ पाहिले. डोळे कनकासारखे होते, तांबूस. उपलने आयुष्यात पुष्कळ पाखरे काढली, पण तो डोळा त्याने कधी काढला नाही. तो त्याला रोज बघायला मिळत होता.

एकांताला कंटाळून अरण्यातून परत आलेल्या एका भिक्षूच्या निमित्ताने भगवंतांनी जेतवनात ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूहो, घाई करणारा तांडेल म्हणजे आज अरण्यातून परतलेला हा भिक्षू. दूध आणणारा गुराखी आनंद होता, कनका ही यशोधरा होती, आणि तो चित्रकार मीच होतो."

"आणि ते मूल?" कोणीतरी विचारले.

सभेत मागे बसलेल्या राहुलाने खाली घातलेली मान वर केली आणि भगवंतांकडे पाहिले.

धीराने वाट पाहण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात.