काचेवर न उगवलेले

“मग सगळे मेले म्हणतोस?”

“सगळे, भंतेजी.”

डॉ. रत्नाकर तायडे एवढं बोलले आणि रुमालानं ओठ पुसले.

त्या दुपारी टेकडीवरच्या विहारात दोघांशिवाय कोणी नव्हतं. पौर्णिमेला माणसं येतात. एरवी पारवे.

नव्वदीकडे झुकलेले भंते उपसेन भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय पाटावर, तळव्याला पट्टी. साखरेच्या आजारातली जखम. वर्ष उलटलं तरी भरत नव्हती. गावातल्या सर्जननं पाय घोट्यावरून काढायचा सल्ला दिला होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो, तोवर तायडेसाहेबांचं यंत्र चालवून पाहा, असं म्हणाला होता.

तायडे हे भंतेंचे जुने शिष्य. लहानपणी पंचशील त्यांनी भंतेंच्याच मांडीशी बसून पाठ केलं होतं. आता ते स्वतः सत्तरी ओलांडलेले, जिवाणूंच्या शास्त्रात नाव कमावलेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा सत्कार होता. भंतेंच्या पायाबद्दल व्यासपीठावरून काय सांगायचं, ते त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं.

“इतक्या जणांना मारलंस,” भंते म्हणाले, “आणि जीव न मारण्याचं पहिलं शील मीच शिकवलेलं.”

“औषधाला मुभा आहे, भंतेजी.”

“आहे, आहे. गंमत केली. मारलंस कसं, ते सांग.”

तायडे सावरून बसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता.

“एकेकटे असते तर साध्या औषधानंच गेले असते. पण जखमेत हे जिवाणू एकत्र बसतात. अंगातून चिकट रस सोडतात आणि त्यातच घर करतात. बुळबुळीत थर असतो तो. औषध वरच्या वर राहतं. आत एकमेकांच्या आडोशानं…”

“सुखानं नांदतात.”

“हो.”

“आणि तू?”



“मी… मी ते घर मोडतो. वायूतून वीज सोडली की जांभळी ज्योत निघते, पण थंड. बोट धरलं तरी भाजत नाही. शीत प्लाझ्मा म्हणतात तिला. ती थर उसवते आणि आतल्यांना मारते. मागच्या खेपेला ज्योत फिरवून झाल्यावर तुमच्या जखमेवरून बोळा फिरवला, आठवतं? तो काचेच्या बशीत, त्यांच्या खाद्यावर टेकवून ठेवला. कोणी जिवंत असतं तर ठिपका उगवला असता. एकही नाही. बशी कोरी.”

“कोणी पाहिली?”

“मी. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी.”

“काय म्हणाले?”

“अभिनंदन म्हणाले.”

भंतेंनी मान हलवली. तायड्यांनी पिशवी उघडून लेखणीएवढी नळी काढली, वायूचं छोटं सिलिंडर जोडलं आणि पट्टी सोडायला हात पुढे केला.

भंतेंनी पाय ओढून चीवराखाली घेतला.

“हे कशाला?”

“दुसरी खेप.”

“मेलेल्यांसाठी?”

“खबरदारी म्हणून, भंतेजी. अशीच पद्धत आहे.”

“अरे, घरातलं माणूस गेलंय हे ठाऊक असताना कोणी त्याच्या दाराची कडी वाजवत राहतं का?”

तायडे नळीची जोडणी पुन्हा तपासू लागले.

“मेले असतील तर नळी पिशवीत ठेव. नसतील तर पाय देतो. दोन्हीतलं एक बोल.”

“पाय जाईल, भंतेजी.”

“जाईल तर जाईल. माझं चालणं या दारापासून त्या पिंपळापर्यंत. पायाचं मी विचारलंच नाही.”

…

बाहेर वाऱ्यानं पंचरंगी झेंडा फडफडला आणि पुन्हा पडून राहिला.

तायड्यांनी नळी मांडीवर ठेवली. त्याच बोळ्यातला थेंब त्यांनी रंग घालून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला होता. मेलेले तांबडे दिसतात, जिवंत हिरवे. तांबड्यांच्या गर्दीत इथे तिथे हिरवं काही होतं. हलत नव्हतं, पण होतं. त्या संध्याकाळी घरी स्वतःपुरती खिचडी टाकताना त्यांनी मनाची समजूत घातली होती, की रंग शिळा असेल.

“भंतेजी…”

“बोल.”

“काही हिरवे होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे… मार बसला की काही मरत नाहीत. गप्प होतात. खात नाहीत, वाढत नाहीत. बशीत कितीही खाद्य घाला, उगवत नाहीत. जे उगवत नाही ते मेलं, असं आम्ही धरतो. मीही धरलं. पण ते असतात.”

“मग उठतात पुन्हा?”

“उठत असतील. तुमच्या पायातले उठतील का… मला माहीत नाही.”

हे तीन शब्द आपल्याच तोंडून ऐकून त्यांना परक्यासारखं वाटलं. कितीतरी वर्षांत ते उच्चारलेच नव्हते.

“मग सत्काराला काय सांगशील?”

“बशी कोरी आहे, एवढंच. मेले, असं नाही सांगता येणार.”

“टाळ्या कमी पडतील.”

“पडतील.”

“आणि पाय?”

“अजून बऱ्याच खेपा लागतील. तरी वाचेलच, असं नाही म्हणत.”

भंतेंनी चीवर सारलं आणि पाय पुन्हा पाटावर ठेवला.

तायड्यांनी पट्टी सोडली. जांभळी ज्योत बारीक सूं सूं करत जखमेच्या कडेनं फिरू लागली. वळचणीला एक पारवा घुमत होता, त्याला दुसऱ्याचं उत्तर नव्हतं.

“भंतेजी, एक विचारू?”

“विचार.”

“यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. मग काहीतरी राहिलंय, हे कळलं कसं?”

“मला कुठे कळलं?”

“मग एवढं खोदून का विचारलंत?”

भंते ज्योतीकडे पाहत राहिले. मग दाराकडे, जिथे उन्हात चपलांचा एकच जोड होता.

“वाटलं… तुला विचारणारं आता कोणी उरलं नसेल.”