खाटेवरून दिसलेली हत्तीण

एका गावात एक चितारीण राहायची आणि तिची चित्रं चालायची.

खरंच चालायची. तेल लावलेल्या पातळ कागदांवर ती एकाच प्राण्याची पुष्कळ चित्रं काढी, दर चित्रात पाय जरासा पुढे. मग ते कागद एका लाकडी चाकाला ओळीने लावायचे, मागे दिवा ठेवायचा आणि पुढे पांढरं धोतर ताणायचं. चाक फिरलं की धोतरावर ससा पळे, बगळा उडे. हा खेळ ती घरोघरी जाऊन भरदुपारी दाखवायची, खिडक्यांना गोणपाटं लावून.

त्याच गावात एक म्हातारा माहूत होता. गुंजा नावाची हत्तीण त्याने चाळीस वर्षं सांभाळली. ती गेली आणि पाठोपाठ म्हाताऱ्याचे पायही गेले. आता तो खाटेला खिळला होता. वैद्याने त्याच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दसरा बघतील. दिवाळीचं काही सांगता येत नाही."

एक दिवस म्हातारा चितारणीला म्हणाला, "पोरी, एकदा माझी गुंजा नदी ओलांडताना दाखव. मग मी मोकळा."

"दाखवते, आबा," ती म्हणाली. सारा गाव त्याला आबाच म्हणायचा.

नेमका त्याच सुमारास गावात एक काचवाला आला. त्याच्याजवळ दाराएवढी एक काच होती. मागे चित्र धरून दिवा लावला की ती उजळे आणि समोर बर्फाचा डोंगर उभा राही. त्या डोंगरावरचं झाड दिसे, झाडाचं पान दिसे, पानावरची मुंगी दिसे आणि त्या मुंगीच्या मिशासुद्धा दिसत. माणसं काचेपुढून हलेनात. एका आजोबांनी तर डोंगराला हात जोडले. मी उगाच नावं ठेवणार नाही, काच होतीच तशी अद्भुत.

माहुताचा मुलगा म्हणाला, "आबांना गुंजा दाखवायची तर याच काचेत!" पंधरा दिवस काचवाल्याची ओझी वाहून त्याने काच घरी आणली आणि भिंतीला टेकवून उभी केली. म्हाताऱ्याची खाट समोरच्या भिंतीशी होती, चांगली दहा हात लांब. खाट हलवली की म्हाताऱ्याच्या पाठीत कळ यायची, म्हणून ती कुणी हलवत नसे.

चितारणीने गुंजाचं आपलं पहिलं चित्र काचेमागे धरलं. काचेला लपवाछपवी ठाऊक नव्हती. थरथरलेली रेघ, पसरलेला रंग, कुंचल्याचा सुटलेला केस, सगळं चव्हाट्यावर आलं. शेजारपाजारचे खो खो हसले. "अगं, तुझ्या हत्तिणीला कातडी घालायची विसरलीस की काय?"

ते तिच्या फार जिव्हारी लागलं. तिने दार लावून घेतलं आणि गुंजाचा एकेक केस काढायला बसली. सोंडेवरची एकेक सुरकुती काढली. वीस दिवस गेले, डोळे लाल झाले, आणि चित्रं झाली चार.

दसऱ्याला सगळा गाव माहुताच्या घरी लोटला. दिवा लागला आणि माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. "पापण्या बघा, पापण्या!" "नखांवरचा चिखल तर बघा!" हत्तीण अलीकडच्या काठावर दिसली, मग एकदम पाण्यात, मग पाण्यातच जरा पुढे, मग पलीकडे.

मुलाने हौसेने विचारलं, "आबा, दिसली का गुंजा?"

"मला तुमच्या पाठी दिसल्या," म्हातारा म्हणाला.

लोक ओशाळून बाजूला झाले. पुन्हा चाक फिरलं. म्हाताऱ्याने निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "देखणी आहे. पण कुणाची रे ही?"

"आबा, गुंजा आहे ती!"

"छे. गुंजा आधी सोंडेने तळ चाचपायची. मग जागच्या जागी थोडी झुलायची. पाण्यात शिरली की मान वळवून बघायची, मी आहे ना पाठीवर म्हणून. ही तर टुणकन पलीकडे जाते."

लोक पांगले. चितारीण थकून खाटेच्या कडेवर बसली आणि सहज तिची नजर काचेकडे गेली. ती चपापली. पापण्या नव्हत्या. केस नव्हते. सुरकुत्याही नव्हत्या. नुसती करडी हत्तीण होती. ती उठून काचेजवळ गेली तर सगळं जागच्या जागी. परत खाटेवर येऊन बसली तर सगळं गायब.

"वीस दिवस!" ती स्वतःशीच म्हणाली. "आणि ज्यांच्यासाठी काढलं, त्यांच्या खाटेवर मी एकदाही बसले नाही."

मुलगा रडवेला झाला होता. "ताई, वैद्य म्हणतात आता तीन-चारच दिवस. तेवढ्यात केस कसे काढणार?"

"केस नकोतच," ती म्हणाली. "आबा, मान किती वळवायची ती?"

म्हाताऱ्याने हात उचलला. हाताचीच सोंड केली, मनगट झुलवून दाखवलं. चितारीण खाटेशी बसून काढत गेली. पाठीची एक रेघ, कानाचा एक फटकारा, सोंड, चार पाय. एक कागद झाला की दुसरा. तीन दिवसांत साठ चित्रं झाली.

"पडदा कुठला लावू? काच की धोतर?" मुलाने विचारलं.

"जे हाताला येईल ते लाव."

त्याने धोतर ताणलं. खिडक्यांना गोणपाटं लावली. चाक फिरलं.

धोतरावर मोजून आठ-दहा रेघा होत्या. पण त्या रेघा काठावर आल्या, सोंडेने तळ चाचपला, झुलल्या आणि पाण्यात शिरल्या. कुणालाच कळेना, पाणी काढलेलं नसताना आपल्याला पाणी कसं दिसतंय. हत्तिणीने मान वळवली आणि थेट खाटेकडे पाहिलं.

"धत्!" म्हातारा ओरडला. हत्तीला थांबवायची ती माहुताची हाळी होती.

चितारणीचं बोट नकळत चाकावर टेकलं. चाक थांबलं. हत्तीण गुडघाभर पाण्यात, मान वळवून, जागच्या जागी उभी राहिली.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. "ऐकते," तो म्हणाला. "अजून ऐकते माझं."

त्याने तिला पोटभर पाहून घेतलं. मग म्हणाला, "जा आता, बाई. पलीकडे जा."

चितारणीने बोट उचललं.

तात्पर्य: चित्र किती बारीक दिसतं ते काच दाखवील, पण बघणाऱ्याला काय बघायचंय ते त्याच्याशेजारी बसल्यावरच कळतं.