दिवाणजींची शिवफेरी

एका डोंगराळ राज्याच्या महाराजांनी दवंडी पिटवली, "यंदा दरबारात प्रजेने निवडलेली माणसं बसणार!" मतदारसंघ पाडायचं काम गेलं दिवाण त्रिंबकपंतांकडे, आणि पंत स्वतःच निवडणुकीला उभे!

भर दरबारात नकाशा उलगडला, तशी घाटावरच्या भिवराबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाणजींच्या मतदारसंघाची रेघ त्यांच्याच माणसांची घरं वेचत जिलबीसारखी वळली होती. दरीत उतरून, निवडुंगात घुसून तिने भिवराबाईंच्या वाडीचे तीन तुकडे केले होते.

"आहे कुणाची हरकत?" दिवाणजी मिशीत हसले.

"छे हो, झकास रेघ!" भिवराबाई कडाडल्या. "महाराज, ढोल बोलवा! नवी शीव आखणाऱ्याने ती आधी अनवाणी फिरायची, ही आपली रीत. चला दिवाणजी, काढा जोडे!"

दरबारात एकच हशा उसळला. महाराजांनी खरंच ढोल बोलावले. दिवाणजींनी नकाशातली दरी पाहिली, मग आपली गुबगुबीत पावलं पाहिली.

"महाराज, जरा दुरुस्ती राहिलीय..."

ढोल दारात पोचेपर्यंत रेघ सुतासारखी सरळ झाली होती.

"आता खुशाल फिरा!" भिवराबाई म्हणाल्या. "आमची अख्खी वाडी तुमच्याच मतदारसंघात आलीय. मतं मागायला थांबाल ना?"