हमीपत्रावरची दुसरी सही

रेसच्या गाड्यांचे मालक रणधीरराव इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारी एक नवी, परदेशी बनावटीची कॅमशाफ्ट घेऊन कोल्हापुरात शेवंताक्काच्या गॅरेजात आले.

"हिनं व्हॉल्व्ह जास्त उघडतात. उद्या रेस आहे, बसवा आणि चालू करा!"

"आधी पिस्टनवर ओली माती ठेवून व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते बघते. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर चालवणाऱ्याच्या जिवावर बेतंल."

"या इंजिनात ती बिनधोक चालते, हे कंपनीचं हमीपत्र! तुमची माती यापेक्षा शहाणी?"

"मग मातीऐवजी हेच ठेवू की!"

आक्कानं हमीपत्राची जाड घडी पिस्टनवर ठेवली, नवी कॅमशाफ्ट बसवून वरचं हेड आवळलं, इंजिन हातानं सावकाश फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हच्या कडेनं घडीचे सगळे पदर चंद्रकोरीसारखे आरपार कापले होते. आक्कानं तो कागद रावांपुढं धरला.

"राव, कंपनीनं सही केलीच होती. आता व्हॉल्व्हनंबी केली. कुणाची खरी धरू?"